गोटीरामचं व्याख्यान

कार्ड आलं तेव्हा चिमणाबाईला जाऊन अकरा महिने झाले होते.

गुलाबी रंगाचं, तीन घड्यांचं कार्ड. गोदातीर गार्डन क्लबचा २००४ सालचा कार्यक्रम. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी काहीतरी असायचंच. जानेवारीत तिळगूळ आणि वार्षिक सभा, मार्चमध्ये गांडूळखत, एप्रिलमध्ये उन्हाळ्यात बाग कशी जगवावी, जुलैत कोणाच्या तरी शेतावर झाडं लावणं आणि जेवण, डिसेंबरात शेवंती. दरवर्षी तेच, महिने तेवढे मागेपुढे. गायधनी बंगल्याचा माळी गोटीराम भोये एकतीस वर्षं ही कार्डं बघत आला होता. तो फक्त एकच गोष्ट बघायचा, बैठक कोणत्या बंगल्यावर आहे. आपल्या बंगल्यावर असली की खुर्च्या आपण लावायच्या.

या वर्षी फेब्रुवारीच्या रकान्यात छापलं होतं : रविवार, ८ फेब्रुवारी, सायंकाळी पाच. गुलाबाला डोळा भरणे, व्याख्यान व प्रात्यक्षिक. श्री. गोटीराम भोये. स्थळ : गायधनी बंगला, गंगापूर रोड.

श्री. छापलं होतं. गोटीरामने अक्षरं जोडून जोडून वाचलं. मग कार्ड बंगल्यामागच्या आपल्या खोलीत नेलं आणि चिमणाबाईच्या फोटोच्या खिळ्यालाच अडकवलं. एका खिळ्यावर दोन्ही राहीनात. कार्ड पुढे आलं की बायकोचं तोंड झाकायचं. दुसरा खिळा ठोकायला त्याला चार दिवस लागले, कारण खिळा कुठे आहे ते सांगणारी फोटोत होती.

ती गेल्यापासून त्याचं बोलणं आटलं होतं. सकाळी बंगल्याच्या मालकीण गायधनीबाई व्हरांड्यात आल्या की "आज काय काय फुललंय रे?" त्याचं उत्तर एक. दूधवाल्याला एक. फाटकातल्या पोस्टमनला "बाई झोपल्यात." दिवस संपला. त्याची जीभ जड व्हायला लागली होती. एकदा तर मीनाचा पेठहून फोन आला तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा नुसता आवाज निघाला, शब्द नंतर आला.

म्हणून त्या कार्डाचं त्याला वेड लागलं. मान मिळाला म्हणून नव्हे. चाळीस माणसं चाळीस मिनिटं खुर्चीवर बसून आपण काय बोलतो ते ऐकणार, याचं. असं त्याच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही, तिथे वाजंत्री होती.

मीना, त्याची धाकटी, पेठजवळच्या आश्रमशाळेत शिक्षिका. जानेवारीतले दोन रविवार ती जीपने येऊन त्याच्यासमोर वही घेऊन बसली. तो बोलायचा, ती लिहायची. अकरा पानं झाली. ज्यावर कलम करायचं तो जंगली गुलाबाचा खुंट कसा निवडायचा, चाकूला धार कशी, साल सुटते कधी, डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, कोणत्या फांदीचा घ्यायचा. अकराव्या पानावर तो थांबला, उठून पाणी प्यायला, परत येऊन बसला आणि चिमणाबाईबद्दल बोलला. मीनाने ते लिहून घेताना वर बघितलं नाही.

"हे पान दादाला सांगू?" तिने विचारलं.

"तुला माझी शप्पथ हाय. मीच सांगंल. बोलताना सांगंल. त्याला फक्त घिऊन ये."

"तो येणार नाही बाबा."

"आईच्या वरसाला तर येईल?"

चिमणाबाईचं वरीस, म्हणजे वर्षश्राद्ध, आणि क्लबची बैठक एकाच रविवारी येत होती. वरीस तारखेने नाही, वाराने धरलं होतं. मागच्या वर्षी ती गेली तोही फेब्रुवारीचा दुसरा रविवारच होता.

*

गोटीरामचा थोरला मुलगा दिनेश त्या रविवारी आला तो सकाळी नऊला, इगतपुरीहून, रात्रपाळी करून. घाटात गाड्यांना मागून इंजिन जोडायचं त्याचं काम. डोळे लाल. फाटकातून आत येताना त्याने बागेकडे बघितलंच नाही. ज्या बागेत माणूस लहानाचा मोठा होतो, तिच्याकडे न बघता चालायला सवय करावी लागते. ती त्याने केली होती.

मागच्या खोलीसमोर भागूआत्या चूल मांडून बसली होती. गोटीरामची थोरली बहीण, सत्तरी केव्हाच ओलांडलेली. आदल्या दिवशीच नागलीचं पीठ बांधून पेठहून आली होती.

"आला का रं रेल्वेचा साहेब! शिट्टी तरी वाजवायची."

"आत्या, बरीयेस का?"

"बरी म्हंजी, मरत नाय. तुझ्या बापाशी बोल आधी."

गोटीराम धुतलेला पांढरा सदरा घालून उंबऱ्यात उभा होता. दिनेशने मान हलवली. गोटीरामनेही हलवली. बापलेकाचं वर्षभरातलं संभाषण तेवढंच.

नैवेद्य दाखवून झाला. पानं वाढली. भाकर, उडदाची आमटी, चिमणाबाईला आवडायची ती सुक्या बोंबलाची चटणी वेगळ्या पानावर. सगळे जेवले. मग मीनाने हळूच सांगितलं, "दादा, संध्याकाळी थांब. बाबांचं व्याख्यान आहे."

दिनेशने भिंतीवरचं कार्ड काढून वाचलं आणि हसला. ते हसणं ऐकून भागूआत्याने तवा घासायचा थांबवला.

"आईच्या वरसाच्या दिवशी," तो म्हणाला. "बरोबरे. मागच्या वर्षी आई मेली त्या दिवशी प्रदर्शन होतं. या वर्षी व्याख्यान. पुढच्या वर्षी काय, मिरवणूक?"

"दादा."

"मी काय खोटं बोलतोय? आई दवाखान्यात. श्वास लागलाय. सारखी म्हणते, तुझा बाप कुठंय. मी रिक्षा करून हॉलवर गेलो. हा माणूस फवारणीची बाटली घेऊन गुलाबांवर पाणी मारत होता. म्हटलं चला. म्हणाला, पाचला बक्षीस हाय, तोवर फुलं सुकतील, मग येतो. साडेचारला ती गेली. कप मिळाला. कपावर काय कोरलंय माहिती आहे ना? 'माळी असलेली बाग, प्रथम क्रमांक, श्रीमती इंदुमती गायधनी.' माळी असलेली बाग! माळी कोण, ते कोरायला जागा नव्हती."

गोटीराम उठला. तो भांडी गोळा करायला लागला.

"बोलत नाही. बघ. आजसुद्धा बोलत नाही. आणि हा व्याख्यान देणार!"

"दिन्या," भागूआत्या म्हणाली, "तुझा बाप नाय बोलला म्हून तू बोलतोस, तू बोलतोस म्हून तो नाय बोलत. मी मरायच्या आधी दोघांपैकी एकानं तरी गप बसा नायतर दोघंबी बोला."

मीना दिनेशला विहिरीकडे घेऊन गेली. "शेवटपर्यंत बस. एवढंच सांगते. शेवटचं पान ऐक आणि मग जा. पुन्हा येऊ नकोस हवं तर."

"काय आहे शेवटच्या पानात?"

"शपथ घातलीय मला."

दिनेशने विहिरीत बघितलं. या विहिरीच्या कठड्यावर अकरा वर्षांचा असताना बापाने त्याला बसवून डोळे भरायला शिकवलं होतं. एके दिवशी त्याने घाईघाईत चाळीस खुंटांवर चाळीस डोळे उलटे बसवले. बापाने एक थोबाडीत दिली आणि चाळीसही खुंट स्वतःच्या हाताने सोडवायला लावले. "पानाच्या देठाचं खोडकं खाली, डोळा वर. झोपेत पण चुकायचं नाय." त्यानंतर दिनेश चुकला नाही, आणि त्यानंतर त्याने ते काम केलंही नाही. रेल्वेत लागला.

"सातची गाडी आहे मला," तो म्हणाला. "तोपर्यंत बसतो."

*

दुपारी तीनला बाई मागच्या खोलीकडे आल्या. मीनाला आश्चर्य वाटलं. बाई इथे आल्याचं तिला आठवत नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा त्यांनी गोटीरामला व्हरांड्यात बोलावून सांत्वन केलं होतं.

इंदुमती गायधनी. पंच्याहत्तर वय, क्लबच्या अध्यक्षा, साहेब जाऊन नऊ वर्षं. मुलगा न्यू जर्सीत, रविवारी फोन करतो आणि तोही विसरतो. वाईट बाई नव्हेत. हे मीना स्वतःला वारंवार सांगायची. साहेबांच्या चिठ्ठीवर तिला डी.एड.ला प्रवेश मिळाला होता. ती चिठ्ठी अजून तिच्या मानेवर बसलेली होती.

"अरे गोटीराम, काय काय बोलणार आहेस ते बघू तरी."

मीनाने वही दिली. बाई उंबऱ्याबाहेर, उन्हात उभ्या राहून वाचत होत्या. कोणी खुर्ची दिली नाही, कारण खुर्च्या सगळ्या हिरवळीवर गेल्या होत्या. भागूआत्याने पाट पुढे सरकवला, बाईंनी तो बघितला नाही.

"छान लिहिलंयस गं मीना. किती बारीकसारीक! मला स्वतःला यातलं निम्मं माहीत नव्हतं." त्यांनी अकरावं पान वाचलं. मीना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि पान उलटून वही मिटली. "शेवटचं जरा घरगुती झालंय. ते राहू दे."

मग खरं कारण सांगितलं. पुण्याहून उद्यान विभागाचे मोठे अधिकारी येणार होते, आयत्या वेळी ठरलं. कमिटीला वाटत होतं की त्यांच्यासमोर गोटीरामची जीभ अडखळली तर त्यालाच वाईट वाटेल. "त्यापेक्षा मी वाचते. तू फक्त हात चालव. तुझा हात म्हणजे काय, तेच खरं व्याख्यान! हो ना रे?"

चांगुलपणाची एक जात असते. ती माणसाला खुर्ची देते आणि बसायला सांगत नाही. तिच्याशी भांडता येत नाही, कारण खुर्ची दिलेली असते.

मीना बोलायला गेली. "बाई, बाबांनी महिनाभर तयारी केलीय. कार्डावर त्यांचंच नाव..."

"नाव राहणारच गं. नाव कोण काढतंय?"

"मग बोलू द्या ना त्याला," दिनेश आतून म्हणाला. तो बाहेर आला. बाईंनी त्याला बहुधा दहा वर्षांनी पाहिलं. "कार्डावर व्याख्यान लिहिलंय. तो बोलेल नाहीतर आम्ही आत्ता निघतो. बाबासकट."

मीना चकित झाली. सकाळी टिंगल करणारा हाच. आणि स्वतःचंही तिला कळेना, कारण तिच्या तोंडून निघालं, "दादा, आता तमाशा नको." ती चिठ्ठी बोलली. मीना नाही.

"तमाशा? तूच लिहिलंस ना गं ते सगळं?"

"मी लिहिलं म्हणूनच म्हणते. हात तरी चालू देत. पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी! याला सत्तरी लागलीय, मीने!"

दोघंही बापाकडे वळली. भागूआत्याही. बाईही. चार माणसं एकदम गोटीरामकडे बघत होती आणि तो नखातली माती काढत होता.

"ठीक हाय बाई," तो म्हणाला. "तुम्ही बोला."

दिनेश थुंकला. बाईंच्या पायापासून हातभर लांब, पण थुंकला. बाईंनी वही काखेत धरली आणि गेल्या. पाटाला वळसा घालून गेल्या.

*

हिरवळीवर चाळीस खुर्च्या होत्या. गोटीरामने सकाळीच तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या तीन खुर्च्या आपल्या माणसांसाठी धरून ठेवल्या होत्या, एकीवर भागूआत्याची पिशवी ठेवून. क्लबच्या सेक्रेटरींनी पिशवी उचलून पाण्याच्या टाकीजवळ नेली आणि तीन खुर्च्या तिथे मांडून दिल्या. "इथून छान दिसतं. सावली पण आहे." पाच वाजता फेब्रुवारीतली सावली कोणाला हवी होती?

भागूआत्या टाकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. "लगीन हाय का मयत? सगळ्या बाया कशा नटून आल्यात."

"गप आत्या," मीना म्हणाली.

अधिकारी आले. हार झाला. हारातले गुलाब गोटीरामचे. बाईंनी प्रास्ताविक केलं, क्लब कसा सुरू झाला, आपल्या वार्षिक कार्यक्रमात दरवेळी नवीन काहीतरी द्यायचा प्रयत्न कसा असतो. "या वर्षी आपण एका कष्टकऱ्याला व्यासपीठ देतोय." टाळ्या. गोटीराम टेबलामागे उभा होता. समोर पिशव्यांत लावलेले सहा खुंट, चाकू, ओल्या फडक्यात फांद्या, प्लास्टिकच्या पट्ट्या. नमस्कारासाठी त्याने हात जोडले, तोपर्यंत टाळ्या संपल्या होत्या.

बाई वाचायला लागल्या. चष्मा नाकावर, आवाज खणखणीत. मीनाचे शब्द, म्हणजे गोटीरामचे शब्द, पण बाईंच्या तोंडून निघताना त्यांचा एकेक काना सरळ होत होता. "साल सुटली का बघायला नख लावून बघायचं" हे त्यांनी "सालीची परिपक्वता तपासावी" असं वाचलं. "मला एकतीस वरसं झाली" हे "माझ्या तीन दशकांच्या अनुभवात" असं झालं. मीनाने मान खाली घातली. ती आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत एकेक ओळ ओळखत राहिली.

दिनेश मात्र बापाच्या हातांकडे बघत होता. ऐकण्यासारखं काही नव्हतं म्हणून बघत होता.

हात बदलले नव्हते. खुंटाला आडवी चीर, तिच्यातून खाली उभी चीर. चाकूच्या पाठीने साल दोन्ही बाजूंना उचलली, पुस्तक उघडावं तशी. फांदीवरून डोळ्याची ढलपी काढली, एका ओढीत, नखभर लाकूड मागे न ठेवता. समोरच्या रांगेतल्या एका बाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मग गोटीरामने ढलपी दोन बोटांत धरली. क्षणभर तशीच धरून ठेवली. चाळीस चेहऱ्यांवरून नजर फिरवली. आणि ढलपी बोटांतल्या बोटांत फिरवून चिरेत सरकवली.

देठाचं खोडकं वर होतं. डोळा खाली.

दिनेशच्या डाव्या गालाला मुंग्या आल्या. तो खुर्चीत पुढे सरकला. चुकला? म्हातारपण? डोळ्यांना दिसेना? पण त्या बोटांनी ढलपी फिरवलेली त्याने बघितली होती. झोपेत पण चुकायचं नाय, असं सांगणारा माणूस भर उजेडात, टेबलावर, पुण्याच्या साहेबासमोर उलटा डोळा बसवून शांतपणे पट्टी गुंडाळत होता. खालून वर, एकावर एक, डोळा तेवढा उघडा ठेवून. सगळ्यांना नीट दिसावा म्हणून उघडा.

"किती सफाई!" अधिकारी म्हणाले.

"हा खुंट सगळ्यांनी जवळून बघा," बाई म्हणाल्या. सेक्रेटरींनी तो ट्रेमध्ये ठेवला. ट्रे पहिल्या रांगेत गेला.

गोटीराम हात मागे बांधून उभा राहिला आणि ट्रेकडे बघत राहिला. पहिली रांग. कोणी मान तिरकी करून बघितलं, कोणी वास घेतला, डोळ्याला कसला वास? वहीत चित्र काढणाऱ्या एका गृहस्थांनी खुंटाचं चित्र काढलं, उलट्या डोळ्यासकट, हुबेहूब. दुसरी रांग. वीस वीस वर्षं गुलाबावरची व्याख्यानं ऐकलेली माणसं. घरी कप असलेली माणसं. तिसरी रांग. ट्रे हातातून हातात जात होता आणि प्रत्येक हाताबरोबर गोटीरामची हनुवटी थोडी थोडी खाली येत होती. एका तरी माणसाने म्हणावं, अहो माळीबुवा, हे चुकलं. शिव्या घालाव्यात. हसावं. पण त्यासाठी आधी बघावं लागतं.

चौथी रांग. शेवटची खुर्ची. ट्रे टेबलावर परत आला. टाकीपर्यंत तो आलाच नाही.

"काही प्रश्न?"

एका बाईंनी विचारलं की मोगऱ्यालाही असंच करता येईल का. गायधनीबाईंनीच उत्तर दिलं आणि वळून म्हणाल्या, "हो ना रे गोटीराम?"

"हो बाई," गोटीराम म्हणाला. हे त्याचं व्याख्यान.

बाईंनी वही मिटली. दहा पानं झाली होती. मीनाने दिनेशकडे बघितलं, आणि त्याला कळलं की शेवटचं पान वाचलं गेलेलं नाही आणि आता ते वाचलं जाणारही नाही.

"काय होतं त्यात?"

"शपथ आहे दादा," मीना म्हणाली आणि रडायला लागली. भागूआत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको गं. पोहे आलेत. खा, मग रड."

*

सव्वासहाला हिरवळ रिकामी झाली. मीना आणि भागूआत्या शेवटच्या जीपसाठी निघाल्या. जाताना भागूआत्याने भावाच्या छातीवर बोट टेकवलं, "संक्रांतीला येत नाय, होळीला येत नाय. आता तरी गावाला ये. तिथं लोक ऐकत नायत, पण निदान मधी मधी बोलत्यात." गोटीराम हसल्यासारखा झाला.

दिनेशनेही पिशवी घेतली. बाप खुर्च्या एकात एक घालत होता. काय म्हणणार? जातो म्हणाला. बाप म्हणाला, हां.

फाटकापर्यंत पोचला तेव्हा साडेसहा व्हायचे होते. रिक्षा मिळाली असती, नाशिकरोड गाठता आलं असतं. कडी काढताना त्याला मागून आवाज आला.

"मंडळी, नमस्कार."

मोठा आवाज. हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता, थोबाडीत खाल्ली तेव्हासुद्धा नाही.

"मी गोटीराम भोये. गाव पेठकडं. या बागेत मला एकतीस वरसं झाली."

दिनेश वळला. मेंदीच्या कुंपणाआडून दिसत होतं. एकात एक घातलेल्या खुर्च्यांच्या चार थप्प्या, आणि टेबलामागे बाप, पांढऱ्या सदऱ्यात, हात जोडून. समोर कोणी नाही. व्हरांड्यातला दिवा लागलेला, बाईंच्या खोलीत टीव्ही.

तो बोलत होता. वहीशिवाय, सगळं पाठ. खुंट अंगठ्याएवढा नको, पेन्सिलीएवढा हवा. चाकू दगडावर नाय, वीटकरीवर लावायचा. कुठे थांबायचं, कुठे हसवायचं, तेही त्याने ठरवलेलं होतं. हशाच्या जागी तो थांबायचा, जेवढा हशा व्हायला हवा तेवढा वेळ, आणि मग पुढे जायचा. दिनेशने कडी सोडली नाही. सात वाजले. गाडी गेली असणार. दहा पानं झाली.

"आता शेवटचं," गोटीराम म्हणाला आणि त्याचा आवाज उतरला. "हे काम मला येतं असं लोक म्हंत्यात. माझ्याहून माझ्या बायकोचा हात हलका होता. चिमणाबाई. तिनं भरलेला डोळा शंभरातला एक पन वाया गेला नाय. पन तिला कोनी कधी टेबलामागं उभं केलं नाय, मी पन नाय. मागच्या वरशी आजच्याच दिवशी ती दवाखान्यात होती. माझा पोरगा मला बोलवायला आला. मी म्हनलो, फुलं सुकतील. कोनाला वाटंल, मला बाईंनी अडवलं. कोनी अडवलं नाय. मी विचारलंच नाय, जाऊ का म्हनून. एकतीस वरसांत कधी सुट्टी मागितली नव्हती, तोंडाला सवय नव्हती. शब्द आला नाय. एक शब्द. फुलं ताजी राहिली. दिनेश, तुला हे घरी सांगायला पायजे होतं. पन घरी मला बोलता येत नाय. हितं चाळीस लोक असत्यात, मला वाटलं, हितं येईल."

तो थांबला. टेबलावरचं पाणी प्यायला. सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"झालं. कोनाला काय विचारायचं असंल तर विचारा."

टीव्हीवर कोणीतरी हसत होतं. गोटीराम रिकाम्या हिरवळीकडे बघत उभा राहिला, प्रश्नांना द्यायचा तेवढा वेळ त्याने दिला. मग चाकू पुसून मिटायला घेतला.

"मला विचारायचंय," दिनेश कुंपणाआडून म्हणाला.

गोटीराम हलला नाही. चाकू अर्धा मिटलेला.

"डोळा उलटा का बसवला?"

गोटीरामने चाकू पूर्ण मिटला आणि टेबलावर ठेवला.

"तुला दिसला?"

"दिसला."

"टाकीपासून?"

"टाकीपासून."

गोटीरामने ट्रेमधला खुंट उचलला, उजेडाकडे धरला, पट्टीचं टोक शोधलं.

"चुकलेला हाय तो," तो म्हणाला. "तसाच ठिवायचा नाय. इकडं ये. खुंट धर."